बाबासाहेबांचे वाक्य एआयला विचारताय? आधी ग्रंथ उघडा!

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत भाषणांची तयारी सुरू होते. पूर्वी तरुण त्यासाठी विहारातल्या ग्रंथालयात बसत, आता मोबाईलवर एआय चॅटबॉट उघडतात. दोन मिनिटांत भाषण तयार! पण त्यावर विश्वास किती ठेवायचा? हे पाहण्यासाठी आम्ही काही कार्यकर्त्यांनी एका संध्याकाळी विहारात बसून तीन साधे प्रयोग केले.

पहिला प्रयोग तारखांचा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७, मनुस्मृती दहन २५ डिसेंबर १९२७, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६. सगळी उत्तरे बरोबर आली. आम्ही खूश झालो.

दुसरा प्रयोग अवतरणाचा. शिक्षणाविषयी बाबासाहेबांचे एक वाक्य संदर्भासह मागितले. लगेच एक सुंदर वाक्य आले, सोबत ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे नाव आणि पृष्ठ क्रमांकही. हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या पहिल्या इंग्रजी खंडात आहे. खंड कपाटात होताच. ते पान काढले, पुढचीमागची पानेही चाळली. वाक्य नाही! तसे सांगितल्यावर चॅटबॉटने माफी मागितली आणि दुसरे पान सांगितले. तिथेही नाही.

तिसऱ्या प्रयोगात आम्हीच ग्रंथातली दोन पाने दिली आणि दहावीच्या मुलांना कळेल असा सारांश मागितला. मराठी सोपी आणि चांगली होती. मात्र जातिव्यवस्थेवरची धारदार टीका एका ठिकाणी ‘सर्वांनी मिळूनमिसळून राहावे’ इतकी मवाळ झाली होती.

असे का होते? चॅटबॉट म्हणजे ग्रंथालय नव्हे. प्रचंड मजकुरावरून तो एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे शिकलेला असतो. प्रसिद्ध तारखा हजारो ठिकाणी लिहिलेल्या असतात, म्हणून त्या बहुधा बरोबर येतात. विशिष्ट पानावरचे वाक्य तसे सगळीकडे नसते. तिथे तो शोभेल असे वाक्य जुळवतो आणि तेवढ्याच ठामपणे सांगतो. त्यात मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच कमी, म्हणून आपल्या भाषेत जास्त सावध राहावे लागते.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. खोटे वाक्य आज भाषणात, उद्या बॅनरवर, परवा सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. विरोधकांनी एक वाक्य खोटे दाखवले की आपल्या दहा खऱ्या वाक्यांवरही शंका घेतली जाते.

म्हणून एआय वापरू नका, असे आम्ही म्हणत नाही. मुद्द्यांचा क्रम लावणे, शुद्धलेखन तपासणे, अर्जाचा मसुदा करणे यासाठी तो जरूर वापरा. पण अवतरण मूळ ग्रंथातूनच घ्या, खंड व पान स्वतः पाहून लिहा. सापडले नाही तर ते वाक्य सोडून द्या. सारांश करून घेतला तर मूळ मजकुराशी ताडून पाहा.

परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मान्य करू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग मोबाईलने सांगितले म्हणून आपण का मान्य करावे?