दोन फायली, एक पेशंट

आमच्या घरी दोन फायली होत्या. एक जाडजूड, कपाटात मानाने उभी. तिच्यात सौ.च्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, तपासण्या, बिले, सारे तारीखवार लावलेले. (बँक सुटली तरी व्हाउचरे लावायची खोड सुटत नाही.) दुसरी म्हणजे खरे तर एकच चिठ्ठी, मानसोपचारतज्ज्ञांची. ती पोथीच्या बासनात दडवलेली.

ऑपरेशननंतर सौ. रोज २० मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन घेत होती. ही गोळी ५ वर्षे चालते, काहींना १० वर्षेही घ्यावी लागते. आजार गेला म्हणून नातेवाईक पेढे खाऊन मोकळे झाले आणि हिची झोप नेमकी तेव्हा उडाली. रात्री दोनला उठून बसायची, छाती धडधडायची. पॅरॉक्सेटिन सुरू झाले आणि गुण आला. "अहो, कॅन्सरच्या डॉक्टरांना हे कशाला सांगायचं? वेड लागलंय म्हणतील," असे तिचे म्हणणे. मानसोपचारतज्ज्ञांनीही दुसरी औषधे विचारली नाहीत, आणि मीही गप्प बसलो.

एकदा तिला ताप होता म्हणून दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मीच औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने त्या दोनदा वाचल्या. "काका, दोन्ही एकाच पेशंटच्या?"

प्रकरण मला माझ्या भाषेत उमगले. टॅमॉक्सिफेन म्हणजे चेक, रोकड नव्हे. यकृतात सीवायपी२डी६ नावाचे एन्झाइम तो चेक वटवते आणि एन्डॉक्सिफेन ही खरी ताकदीची रोकड हाती येते. पॅरॉक्सेटिन नेमकी तीच खिडकी अडवून बसते. फ्लुओक्सेटिनही तसेच. गोळी वेळेवर पोटात जाते, पण रोकड कमी पडते, आणि पेशंटला बाहेरून काहीच कळत नाही.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात टॅमॉक्सिफेनबरोबर या गटातले औषध घेणाऱ्या २,४३० वयस्क स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. टॅमॉक्सिफेनच्या काळाचा जितका अधिक भाग पॅरॉक्सेटिनसोबत गेला, तितके स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढच्या काही अभ्यासांत तसे दिसले नाही, वाद अजून मिटलेला नाही. पण व्हेन्लाफॅक्सिन, सिटॅलोप्रामसारखी ती खिडकी फारशी न अडवणारी औषधे असताना जोखीम घ्या कशाला, असे डॉक्टर म्हणतात.

घरी येऊन मी गोळ्या फेकायला निघालो होतो. त्या मुलीने बजावले होते म्हणून थांबलो. पॅरॉक्सेटिन एकाएकी सोडले तर चक्कर, मळमळ, पुन्हा तीच घालमेल सुरू होते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. काही आठवड्यांत डोस उतरवत व्हेन्लाफॅक्सिन सुरू झाले.

वेडबीड कोणी म्हणाले नाही. "झोप लागत नाही, हे आधी का नाही सांगितलंत?" एवढेच डॉक्टरांनी तिला विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. त्या रात्री बासनातली चिठ्ठी तिनेच काढून दिली. मी पंच मारून ती जाड फायलीत लावली.