खंबायतचा अकीक: दगड स्वस्त, हात महाग

माणिक, पाचू, नीलम ही रत्ने, आणि बाकी सगळ्यांची आपण ‘उपरत्ने’ म्हणून बोळवण करतो. ही वर्गवारी सराफाच्या सोयीची आहे. खनिजशास्त्रात तिला जागा नाही. तरी तिच्यातून एक खरी गोष्ट कळते. माणकाचा भाव मुख्यतः त्याच्या दुर्मिळतेवर ठरतो. अकीक मात्र मुबलक आहे, रासायनिकदृष्ट्या तर तो गारगोटीचाच भाऊबंद, निव्वळ सिलिका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हारसात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका थरावर थर बसत गेली. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा, त्याच्याच पोटातला हा दगड. अशा दगडाच्या मण्याला जी किंमत येते ती कारागिराच्या हाताची असते. माझे म्हणणे एवढेच की हाताची ही किंमत बाजाराने कधी पुरती मोजली नाही, आणि न मोजलेली बाकी कारागिराच्या छातीत साठत गेली.

याचा पुरावा गुजरातेत, आखाताच्या उत्तर टोकाशी असलेल्या खंबायत ऊर्फ खंभात गावात मिळतो. कच्चा माल येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या आफ्रिकी वंशाच्या संताचा दर्गा आहे आणि अकीकाच्या धंद्याचा संबंध लोक त्यांच्याशी जोडतात. धंदा त्याहून फार जुना. एस. आर. राव यांनी १९५० च्या दशकात लोथल उकरले तेव्हा मणी घडवण्याचा कारखानाच हाती लागला. सिंधू संस्कृतीचे लांबट, तांबडे मणी मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजथडग्यांत सापडले आहेत. आपलाही या व्यापारात वाटा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांत भरून, आडवाटांनी भरूचच्या बंदरात जाणाऱ्या रंगीत दगडांची नोंद आहे.

इतिहासापेक्षा थक्क करते ती घडवण्याची रीत. खाणीतून निघालेला गोटा मळकट पिवळा-तपकिरी असतो. तो आधी कित्येक महिने उन्हात वाळवतात, कारण आत पाणी राहिले तर भट्टीत त्याचे तुकडे होतात. मग मातीच्या मडक्यांत भरून शेण किंवा भुशाच्या मंद आचेवर तापवतात आणि तितक्याच सावकाश निवू देतात. उष्णतेने दगडातल्या लोहसंयुगातले पाणी निघून जाते, तांबडे लोहभस्म उरते आणि दगडाला लाली चढते. दगड फोडायलाही सोपा होतो. फोडण्याची तऱ्हा मात्र अगदी उफराटी. लोखंडाची टोकदार सळई जमिनीत तिरपी गाडलेली असते. कारागीर दगडाची कड त्या टोकावर टेकवतो आणि विरुद्ध बाजूने लवचिक दांड्याच्या, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोका देतो. ठोका पडतो एकीकडे, कपची उडते दुसरीकडे, सळईच्या टोकाशी. हातोडी लोखंडाची असती तर दगडात आडव्यातिडव्या चिरा गेल्या असत्या. शिंग धक्का पचवते आणि टोक तो नेमक्या जागी पोचवते. दगड कोणत्या कोनात धरायचा हे सारे कसब, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात बसूनच जाते. जोनाथन मार्क केनॉयर, मासिमो विडाले आणि कुलदीप भान या पुरातत्त्वज्ञांनी हडप्पाकालीन कारखाने कसे चालत असतील हे समजून घेण्यासाठी खंबायतच्या कारागिरांच्या कामाचा अभ्यास केला तो यामुळेच. हडप्पाकालीन गिरमिटाचे टोक तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरके, असे प्रयोगांत दिसले. या वेगाने सहा सेंटीमीटरच्या मण्याला नुसते भोक पाडायला चोवीस तास. आज टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवतात, म्हणून काम लवकर होते. भोकात पाणी मात्र आजही ठिबकत ठेवतात.

हे पाणीच पुढच्या पायरीवर गायब होते. ओबडधोबड मणी विजेवर गरगरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर कोरडाच घासतात आणि पांढरी भुकटी उडते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन रुततात, भोवती गाठी धरतात आणि श्वास आखडत जातो. हा सिलिकोसिस. यावर उपाय नाही. वर क्षयाची शक्यता वाढते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतमधल्या या आजाराची पाहणी करून ठेवलेली आहे, त्यामुळे माहितीचा अभाव ही सबब चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की धंदा हजारो वर्षांचा, धोका त्याच्या जन्मापासूनचा. हे अर्धेच खरे आहे. हाताने शिळेवर घासताना उडणारी धूळ आणि मोटरवरच्या चाकाची धूळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. परंपरा जुनी असली तरी मोटर विसाव्या शतकातली. दुसरा आक्षेप: कारागीर तोंडाला नीट फडके का बांधत नाहीत? कारण जो कण घातक तो फडक्याच्या विणीतून सहज पार होतो. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाणी सोडून घासा, धूळ ओढणारा पंखा बसवा, उपाय तर माहीत आहेत. खरे आहे. पण मजुरी नगावर मिळते. ओल्या चाकावर कामाचा वेग मंदावला किंवा पंख्याचे वीजबिल वाढले, तर तो तोटा व्यापाऱ्याचा नसून घासणाऱ्याचा. नगावर पैसे मोजणारी व्यवस्था माणसाला स्वतःच्या फुप्फुसाविरुद्ध उभे करते.

मग कायद्याकडे बघावे, तर तिथेही पळवाट आहे. सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीतला, सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच तो ‘कारखाना’ ठरे; २०२० च्या नव्या कामगार संहितेने हा आकडा वीसवर नेला. जुन्या कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे राज्य सरकार लहान जागांनाही कायदा लावू शके, परंतु मालक फक्त कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल तर तेही नाही. खंबायतचे घासकाम बरेचसे घराच्या ओसरीवर चालते. म्हणजे जिथे धूळ मुलाबाळांसकट सगळ्यांच्या छातीत जाते, नेमके तेच घर कायद्याला दिसत नाही.

म्हणून धंदा बंद करा, असे म्हणणे ही क्रूर चैन ठरेल. ज्या घरात दुसरा उद्योग नाही तिथे बंदीने फक्त चूल विझते. करायचे ते साधे आहे. घासकाम घरातून काढून पाण्याच्या आणि धूळ ओढणाऱ्या यंत्रांच्या सामायिक शेडमध्ये न्यावे, त्याचा खर्च माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यावर व निर्यातदारावर टाकावा, आणि आजाराची नोंद कामगारांची संख्या न बघता व्हावी. खंबायतच्या अकीकाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; गावाचे नाव जपण्याचा हक्क मिळतो तिथे गावाचे श्वास जपण्याची अटही घालता येईल. याने मणी थोडा महागेल. महागू द्या. दगड स्वस्तच राहील. आपण पैसे देतो ते हाताचे.