घरचा राउटर आणि मोबाइल हॉटस्पॉट यांची राखण

बारामती तालुक्याच्या बागायती पट्ट्यातील गावे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढली. कोऱ्हाळे बुद्रुक हे त्यांपैकीच एक. या भागातील शेतकऱ्यास कालव्याची शिस्त समजावून सांगावी लागत नाही. पाणी कालव्यातून चारीत व चारीतून शेतात कसे येते, आज पाळी कोणाची आहे, दार कोणी उघडले आणि पाणीपट्टी कोणाच्या नावावर पडणार, हे त्यास पक्के ठाऊक असते. अलीकडे त्याच्या घरी आणखी एक चारी आली आहे. ती फायबरच्या तारेची असून तिच्या तोंडाशी राउटर नावाची लहानशी पेटी बसविलेली असते. या दाराची किल्ली मात्र पुष्कळदा त्याच्याजवळ नसते. किंबहुना अशी काही किल्ली असते, हेच त्यास कोणी सांगितलेले नसते.

इंटरनेट ही आता केवळ करमणुकीची बाब राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व पिकाची नोंद खातेदाराने स्वतःच्या मोबाइलवरून करण्याची पद्धत पडली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, महाडीबीटीवरील अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, बँकेचे व्यवहार ही कामे याच वाटेने होतात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला, त्यातही जमिनीतील संवेदकांची व हवामान केंद्राची माहिती अखेर शेतकऱ्याच्या मोबाइलवरच येते. ज्या वाटेने पैसा आणि दस्तऐवज यांची ये-जा होते, ती वाट उघडी टाकणे इष्ट नव्हे.

दार उघडे राहिल्यास

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या थोडे अगोदर वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तो कोठून गेला याचा शोध घेता घेता तपास नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या इंटरनेट जोडणीपाशी येऊन थांबला. त्या घरात राहणाऱ्या गृहस्थाची दहशतवादविरोधी पथकाने कसून चौकशी केली. ईमेल पाठविण्यात त्याचा हात नव्हता. त्याच्या वायफायचा वापर परक्यानेच केला होता. तथापि जोडणी ज्याच्या घरची, त्याच्याच दाराशी पोलीस प्रथम आले. चारीचे दार रात्री कोणी उघडले हे न कळल्यास पंचनामा ज्याच्या शेतात पाणी दिसते त्याच्याच शेतात होतो, तसाच हा प्रकार होय.

दुसरे उदाहरण जुलै २०१७ मधील आहे. भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमांवर एका उपद्रवी प्रणालीचा हल्ला झाला. ज्या मोडेमांत कारखान्यातून आलेला मूळचा परवलीचा शब्द तसाच ठेवलेला होता, ते या हल्ल्यास बळी पडले आणि निगमला ग्राहकांस तो शब्द बदलण्याचे आवाहन करावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, ‘मिराई’ या प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने फार मोठी हुशारी वापरली नव्हती. कारखान्यात घातले जाणारे सुमारे साठ ठरावीक शब्द ती एकामागून एक लावून पाहत असे, एवढेच.

दोन किल्ल्या

येथे मुख्य मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. राउटरला परवलीचे शब्द, म्हणजेच पासवर्ड, दोन असतात. पहिला वायफायचा. पाहुणा आला की जो विचारतो, तो हा. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा. पहिला शब्द ज्यास मिळाला त्यास पाणी पिता येते. दुसरा ज्यास मिळाला त्यास दारच फिरविता येते. तो वायफायचा शब्द बदलून घरच्यांनाच बाहेर ठेवू शकतो, किंवा त्याहूनही घातक गोष्ट करू शकतो. राउटरमध्ये ‘डीएनएस’ नावाची एक नोंद असते. संकेतस्थळाचे नाव दिले असता ते कोणत्या क्रमांकावर आहे हे सांगणारा वाटाड्या म्हणजे डीएनएस. ही नोंद बदलली की शेतकरी बँकेचे नाव अचूक टाइप करतो, परंतु पोहोचतो मात्र हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बनावट पानावर. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास लाखो मोडेमांतील ही नोंद अशा रीतीने बदलण्यात आली होती.

बहुसंख्य घरांत पहिला शब्द तरी ठेवलेला असतो. दुसरा मात्र जोडणी करून देणारा मुलगा निघून गेल्यावर जसा होता तसाच राहतो.

राउटरच्या पानावर कसे जावे

यासाठी संगणक लागत नाही. साधा स्मार्टफोन पुरतो. फोन घरच्या वायफायला जोडावा आणि मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करावा. तो चालू राहिल्यास फोन सिमच्या वाटेने बाहेर जाऊ पाहतो व पान उघडत नाही, आणि पुष्कळांचा प्रयत्न याच ठिकाणी फसतो. नंतर राउटर उलटा करून त्याच्या तळाशी चिकटविलेली चिठ्ठी पाहावी. तीवर एक पत्ता छापलेला असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. जिओच्या फायबर राउटरांवर १९२.१६८.२९.१ असा आढळतो. चिठ्ठी पुसट झाली असल्यास फोनच्या वायफाय सेटिंग्जमध्ये जोडणीच्या तपशिलात ‘गेटवे’ या शब्दापुढे हाच पत्ता मिळतो. ब्राउझर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत तो टाइप करावा. आकडे इंग्रजी अंकांत घालावे, मध्ये केवळ टिंबे द्यावी, मोकळी जागा सोडू नये. गूगलच्या शोधपेटीत तो पत्ता घालून काही साध्य होत नाही.

पान उघडण्यापूर्वी ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ अशा अर्थाची सूचना कधीकधी येते. पत्ता घरच्याच पेटीचा असल्याने येथे पुढे जाण्यास हरकत नाही. परंतु बँकेच्या किंवा शासनाच्या संकेतस्थळावर अशी सूचना आल्यास एक पाऊलही पुढे टाकू नये. वर सांगितलेल्या वाटाड्याच्या फसवणुकीचे ते लक्षण असू शकते.

आता पान नाव व परवलीचा शब्द विचारते. तेही चिठ्ठीवर असतात. पुष्कळ यंत्रांत दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ हाच इंग्रजी शब्द चालतो, आणि तो चालला तर तेच काळजीचे कारण समजावे. आत गेल्यावर सर्वप्रथम हा व्यवस्थापनाचा शब्द बदलावा. तो ‘सिस्टिम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या सदराखाली सापडतो. नवा शब्द वहीत लिहून बँकेच्या पासबुकाजवळ ठेवावा. कागदावर लिहू नये असा उपदेश शहरात केला जातो. पण घरातील कपाटातल्या वहीपर्यंत परदेशातील चोर पोहोचत नाही, आणि विसरलेला शब्द मात्र सर्वांनाच अडवितो.

त्यानंतर ‘वायरलेस’ अथवा ‘डब्ल्यूलॅन’ या सदरात जावे. येथे वायफायचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि वायफायचा शब्द असतो. सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा फोन नवे असल्यास ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावा. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार २००१ मध्येच भेदला गेला असून त्याचा भरवसा धरू नये. ‘ओपन’ म्हणजे तर कुलूपच नाही. शब्द किमान आठ अक्षरांचा लागतो, परंतु बारा-पंधरा अक्षरांचा ठेवणे उत्तम. गावोगावी स्वतःचा मोबाइल क्रमांक हाच वायफायचा शब्द ठेवण्याची चाल पडली आहे. तोच क्रमांक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, दुकानाच्या पाटीवर आणि वाढदिवसाच्या फलकावरही रंगविलेला असतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही! घरच्यांस लक्षात राहतील असे तीन-चार परस्परांशी संबंध नसलेले शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले असता ते काम उत्तम भागते. शब्द बदलताच घरातील सर्व फोन, दूरचित्रवाणी संच व कॅमेरे एकदम तुटतात. हा बिघाड नव्हे. प्रत्येकात नवा शब्द एकदा घालावा लागतो.

बटण दाबून फोन जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय आणि बाहेरून राउटर चालविण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही सोय बंद ठेवावी. ‘गेस्ट नेटवर्क’ असल्यास ते सुरू करून पाहुणे, दुकानातील गिऱ्हाईक व गोठ्यावरील कॅमेरा यांना त्यावर ठेवावे, म्हणजे बँकेचे व्यवहार चालणाऱ्या फोनपासून ते वेगळे राहतील. जोडलेल्या उपकरणांची यादीही याच पानावर दिसते. घरात पाच उपकरणे असून यादीत नऊ दिसत असतील, तर कोणाचे पाणी कोठे चालले आहे याचा उलगडा होतो. इंटरनेट मंद चालते अशी तक्रार कंपनीकडे नेण्यापूर्वी ही यादी अवश्य पाहावी.

एका सदरास मात्र हात लावू नये. ‘वॅन’ अथवा ‘इंटरनेट’ या नावाच्या पानावर कंपनीने दिलेल्या जोडणीच्या नोंदी असतात. त्या पुसल्या गेल्यास जोडणी बंद पडते व कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम शेतकऱ्याच्या घरी, त्याच्याच फोनवर व त्याच्याच हाताने करवून घ्यावे. शब्द आपण ठरवू नये, तसेच आपल्या दैनंदिनीतही टिपून घेऊ नये.

मोबाइल हॉटस्पॉट

वस्तीवरील पुष्कळ घरी अद्याप तार पोहोचलेली नाही. तेथे फोनचाच राउटर केला जातो, त्यास हॉटस्पॉट म्हणतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट व टेदरिंग’ या सदराखाली त्याची मांडणी असते आणि येथे दुसऱ्या किल्लीचा प्रश्न येत नाही. फोनचे कुलूप हीच ती किल्ली. नाव व शब्द मात्र वरीलप्रमाणेच नीट ठेवावे. ‘काही उपकरण जोडलेले नसल्यास आपोआप बंद’ हा पर्याय चालू करावा. काही फोनांत किती उपकरणांस जोडू द्यावे व किती डेटा द्यावा याचीही मर्यादा घालता येते. बांधावर शेजाऱ्याची ई-पीक पाहणी पुरी करून देण्याकरिता हॉटस्पॉट दिला आणि बंद करण्याचे विसरले, तर शेजाऱ्याचा फोन मागच्या महिन्यातील सारी छायाचित्रे आपल्या खर्चाने वर चढवितो व दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. घेणाऱ्याच्या फोनात त्या जोडणीस ‘मीटर्ड’ असे ठरविल्यास पार्श्वभूमीवर चालणारी अशी बरीचशी कामे थांबतात.

हॉटस्पॉट दिल्याने आपले संदेश व ओटीपी दुसऱ्यास दिसतात अशी भीती काही जण बाळगतात. ती अनाठायी आहे. केवळ हॉटस्पॉट दिल्याने ओटीपी जात नाही. मात्र आपल्या हॉटस्पॉटवरून दुसऱ्याने जे केले, ते बाहेरून आपल्या सिमच्या नावावर दिसते. यास्तव अनोळखी माणसास तो देऊ नये. पैशाची फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता कमी.

जागा, वीज व जुनी पेटी

राउटर लोखंडी कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचामागे ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. पत्र्याची भिंत व छप्पर लहरींस अडवितात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते पण मंद असते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असली तरी भिंतीपलीकडे लवकर थकते. गोठ्यापर्यंत पोहोचवावयाचे असल्यास पहिली बरी. वीज गेल्यावर राउटर चालू ठेवण्यासाठी लहान बॅटरीची पेटी मिळते. ती घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवावा. अँपिअरचा आकडा तेवढाच वा जास्त असावा. व्होल्ट चुकल्यास राउटर जळतो.

राउटरच्या मागील बाजूस टाचणी जाईल एवढे छिद्र असते. चालू स्थितीत त्यातील कळ सुमारे दहा सेकंद दाबून धरली असता सर्व मांडणी पुसली जाऊन पेटी पुन्हा कारखान्यातल्यासारखी होते. व्यवस्थापनाचा शब्द विसरल्यास हाच उपाय आहे, परंतु कंपनीच्या नोंदीही त्यात पुसल्या जाऊ शकत असल्याने आधी कंपनीस दूरध्वनी करून मगच कळ दाबावी. जोडणी बंद करून राउटर परत देताना किंवा विकताना मात्र ती न चुकता दाबावी. न दाबल्यास घरचे वायफाय व त्याचा शब्द त्या पेटीबरोबर परक्याच्या घरी जातो.