ड्रेपॅनोसायटोसिस म्हणजे आपला सिकलसेल

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात ‘सिकलसेल’ म्हटले की काय ते लगेच कळते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांना तो शब्द घरचाच झाला आहे. या आजाराचे ग्रीक वळणाचे नाव मात्र इथे क्वचितच कानावर पडते: ड्रेपॅनोसायटोसिस. फ्रान्समध्ये त्याचेच फ्रेंच रूप सर्रास वापरतात.

हा शब्द ड्रे-पॅ-नो-साय-टो-सिस असा तोडून वाचावा, जोर ‘टो’वर. ग्रीक ‘ड्रेपानॉन’ म्हणजे विळा, वऱ्हाडीत इळा. ‘किटॉस’ म्हणजे पोकळ भांडे. वैद्यकाने त्याला पेशी हा अर्थ दिला. ‘ओसिस’ म्हणजे विकार किंवा अवस्था. मूळच्या ‘कि’चा ‘साय’ झाला तो लॅटिनमार्गे इंग्रजीत आल्यामुळे. एवढे ध्यानात ठेवले की रिपोर्टमधला ल्युकोसायटोसिसही उलगडतो: ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा, म्हणून पांढऱ्या पेशींची वाढ.

विळ्याच्या आकाराच्या या लाल रक्तपेशींची नोंद शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केली. नावात आकार आला, कारण मात्र आले नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करते आणि पेशी वाकते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते; ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. त्यातून रक्तक्षय होतो, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की असह्य वेदना.

प्राथमिक तपासणी सोपी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन असण्याची शक्यता. पण माणूस ‘एएस’ म्हणजे वाहक आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते.

वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून तो बेफिकीर राहतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. तेव्हा लग्न ठरवताना पत्रिका पाहा किंवा नका पाहू; दोघांचा रक्ताचा रिपोर्ट मात्र जरूर पाहा.