भरतीची वीज

अमळनेरवरून वाहणारी बोरी नदी पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे खंबायतच्या आखातात प्रवेश करते. खानदेशचे पाणी ज्या आखातात विसावते, तेथेच भारतातील सर्वांत मोठी भरती येते. भरती व ओहोटी यांच्या पातळींतील अंतर तेथे काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत, म्हणजे तीन मजली घराएवढे असते!

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी असे चढते व उतरते. भरतीचे पाणी बांध घालून अडवावे आणि ओहोटी लागली, की ते चक्रांवर सोडावे, म्हणजे वीज निर्माण होते. फ्रान्समध्ये राँस नदीच्या मुखाशी २४० मेगावॅटचे असे केंद्र १९६६ पासून चालू आहे. वारा पडतो, सूर्य ढगांआड जातो. परंतु भरतीची वेळ आधीच सांगता येते.

मग ही वीज आपल्याकडे का नाही? खारे पाणी लोखंड खाते, गाळ साचतो आणि खर्चही फार येतो. पश्चिम बंगालमधील दुर्गादुआनी खाडीची योजना खर्चापायीच सोडून द्यावी लागली. नव्या कामाचा पहिला भार एकट्याला पेलत नाही. तेथे शासनाचे धोरण उपयोगी पडते. वीज वितरकांनी ठरावीक वाटा नवीकरणीय ऊर्जेचा घ्यावा, असा नियम आहे. २०१९ साली भारत सरकारने समुद्राच्या विजेलाही त्या वाट्यात स्थान दिले.

तथापि बांधामुळे मासे व कोळी यांची वाट अडता कामा नये. निसर्गाची शक्ती घ्यावी. पण त्यावर जगणाऱ्यांचा घास हिरावू नये.