घडीचा माऊस: प्रवासात खरंच कामाचा?

आज बोलतोय भिगवणमधून. उजनीच्या बॅकवॉटरला रोहित पक्षी बघायला आलोय. लॅपटॉप सोबत आहेच, आणि काल रात्री प्रॉडक्शनला बग आलाच. खोलीतल्या टेबलावर दोन तास घडीच्या माऊसवर लॉग चाळले. आज मनगट बोलतंय.

असं का होतं? मायक्रोसॉफ्टच्या २००८च्या आर्क माऊसचा मागचा भाग आत दुमडायचा. २०१०चा आर्क टच तर वाकवला की चालू, सपाट केला की बंद. ही युक्ती मला फार आवडते, कारण बॅगेत चुकून चालू राहून सेल संपत नाहीत. पण कमानीखाली पोकळी असते. तळहाताला आधारच नाही, सगळा भार बोटांवर आणि मनगटावर. शिवाय घडी घातल्यानं कमी होते ती जाडी, वजन नव्हे. सेन्सर, सेल, बटणं तेवढीच राहतात.

टेबलावर काच असेल तर अजून एक गंमत. ऑप्टिकल सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो काढून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला काही दिसतच नाही. खाली वर्तमानपत्र टाका, चालतो.

सोलापूर गाडीत मात्र माऊस ठेवायला जागाच नसते. तिथे ट्रॅकपॅड आणि कीबोर्डचे शॉर्टकटच बरे.

मेल, प्रेझेंटेशन एवढंच असेल तर घडीचा माऊस जरूर घ्या. तासन्‌तास कोड लिहिणार असाल तर छोटा, साधा, पण भरीव माऊस बघा. मी तोच घेणार आहे.

उद्या पहाटे होडी ठरवलीय. लॅपटॉप खोलीवरच राहील.