थंडीच्या रात्री तान्ह्या बाळाची ऊब

दिवाळी सरली की आपल्या नगर जिल्ह्यात थंडी उतरते. अकोल्याच्या डोंगराकडे, पारनेरच्या पठारावर पहाटे हात काकडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कितीतरी बाया याच दिवसांत ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्यांची लेकरं कारखान्याच्या तळावर, कोपीत झोपतात. घर स्लॅबचं असो, पत्र्याचं असो की कोपी, तान्ह्या बाळाची रात्र कशी काढायची, त्यावर आज बोलू.

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि पांघरूण ओढून घेतो. तान्ह्या बाळाला यातलं काही नीट जमत नाही. त्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि कातडी पातळ, म्हणून अंगातली ऊब भराभर जाते. अडीच किलोच्या आतलं किंवा दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ असेल तर आणखी लवकर. आणि गंमत अशी, खरं तर काळजीची गोष्ट अशी, की गार पडलेलं बाळ जास्त रडत नाही. ते गप्प होतं, दूध ओढायचं कमी करतं. घरातले म्हणतात, "किती शांत झोपलंय गं!" आणि रात्र तशीच जाते.

म्हणून रात्री पाजायला उठाल तेव्हा हात लावून बघा. आधी आपला हात चोळून गरम करा. मग हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला लावा, नंतर तळपायाला. पोट गरम आणि पायही गरम, तर बाळ छान आहे. पोट गरम पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी लागलीय. लगेच छातीशी घ्या, पाजा आणि तासाभरानं पुन्हा बघा. पोट आणि पाय दोन्ही गार लागले, तर तो धोका आहे, सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर असेल तर काखेत धरा. 97.7 ते 99.5 अंश फॅरनहाइट असलं की ठीक. पण हात तर प्रत्येकीजवळ आहे, आणि तो कोपीतल्या अंधारातही चालतो.

आता ऊब द्यायची कशी? आपल्याकडे पहिलं उत्तर म्हणजे शेगडी. बाजेखाली निखारे, वर ओवा-वेखंडाची धुरी, दार-खिडकी बंद. बाळंतिणीला शेक बरा वाटतो, ते आम्ही नाकारत नाही. पण कोळसा, लाकूड, गोवरी बंद खोलीत धुमसली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतलं माणूस झोपेतच बेशुद्ध पडतं, आणि बाळाला तर तो फार लवकर बाधतो. धुरानं बाळाची छाती भरते ती वेगळीच. त्यामुळे खोली गरम करायचीच असेल तर झोपायच्या आधी करा, दार किलकिलं ठेवून, बाळाला लांब ठेवून. आणि झोपताना शेगडी बाहेर. गरम पाण्याची बाटली बाळाच्या अंगालगत ठेवू नका. कोवळी कातडी भाजते आणि आपल्याला कळतही नाही.

शेगडीपेक्षा चांगली ऊब म्हणजे माणसाचं अंग. बाळाला लंगोट आणि टोपडं तेवढं ठेवायचं, उघडं अंग आईच्या उघड्या छातीला लावायचं, दोन स्तनांच्या मध्ये उभं, तोंड एका बाजूला वळवून. वरून लुगडं किंवा ओढणी बांधायची, शाल घ्यायची. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, कारण त्यांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. कांगारूसारखं म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आता मोठमोठ्या दवाखान्यांतही कमी वजनाच्या बाळाला हेच देतात. आई थकली असेल तर सासूबाईंनी घ्यावं, बाळाच्या बापानंही घ्यावं. बापाच्या छातीला ऊब नसते असं कोणी सांगितलंय? फक्त घेणाऱ्यानं टेकून बसावं आणि जागं असावं. पेंग यायला लागली की बाळ दुसऱ्याकडे द्यावं.

आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1990 च्या दशकात गावातल्याच बायांना बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत हजारी 62 तान्ही बाळं महिन्याच्या आत जात होती, ती संख्या काही वर्षांत 25 च्या आसपास आली. त्या कामात वजन करणं होतं, औषधं होती आणि ऊबही होती. गार पडणाऱ्या बाळासाठी ब्लँकेटची गरम पिशवी वापरत. आज आशाताई घरी येतात त्या कामामागे हाच अनुभव आहे. आणि गावातली बाई हे काम करू शकते, हे आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासूनच दाखवून दिलं होतं.

कपड्यांचं म्हणाल तर एका जड वाकळेपेक्षा दोन-तीन पातळ सुती थर बरे. थरांच्या मध्ये हवा राहते, तीच ऊब धरते. आपल्या अंगावर जेवढं, त्याहून एक कपडा जास्त. टोपडं डोक्याला बसणारं हवं, डोळ्यांवर घसरणारं नको. लंगोट ओला झाला की लगेच बदला, कारण ओलं कापड थंडीहून वाईट. जन्मल्यावर पहिले 24 तास तरी आंघोळ नको. कमी वजनाच्या बाळाची आंघोळ आशाताईंना विचारूनच. आणि उलटही लक्षात ठेवा: मान घामेजली, तोंड लालबुंद झालं, तर एक कपडा काढा.

झोपवताना बाळ पाठीवर. कुशीवर ठेवलं तर पालथं होतं. इंग्लंडमध्ये 1991 पासून आयांना "बाळाला पाठीवर झोपवा" एवढंच सांगायला लागले, आणि झोपेत अचानक दगावणारी बाळं निम्म्याहून कमी झाली. अंथरूण सपाट, घट्ट घडीचं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तिची गरज नाही. जड गोधडी बाळाच्या छातीच्या वर नको, तोंडावर तर नाहीच. झोळीत दिवसा आपल्या नजरेसमोर थोडा वेळ ठीक, पण अगदी लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून रात्री झोळी नको. गळ्यातला काळा दोरा रात्री काढून ठेवा, पायात बांधा हवं तर. बाळ आईच्या शेजारी, पण वेगळ्या घडीवर. थोरली भावंडं, दारू प्यालेलं माणूस, विडी ओढणारं माणूस त्याच अंथरुणात नको.

कोपीतल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी आणखी दोन शब्द. चूल पाचटापासून आणि बाळापासून लांब ठेवा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डासांसाठी म्हणून तर आहेच, पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही, म्हणूनही. रात्री गाडी भरायला जाताना तान्हं लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर राहतं. ते त्या पोरीच्या वयाचं काम नाही. ओली बाळंतीण रात्रीच्या भरणीला नको, हे टोळीतल्या सगळ्या बायांनी मिळून मुकादमाला सांगण्यासारखं आहे. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि तळाजवळच्या गावातल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईंची भेट हा बाळाचा हक्क आहे.

पोट गार, दूध ओढत नाही, छाती आत ओढली जाते, झटके येतात किंवा उठवून उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी 102 किंवा 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाचं औषधपाणी आणि नेणं-आणणं फुकट आहे. गाडीत बाळ कापडात गुंडाळून मांडीवर नाही, छातीला लावून न्यायचं. खिडकी बंद, टोपडं घातलेलं, आणि बाळ ओढत असेल तर वाटेतही पाजत राहायचं.